गुलाबावरची कीड आणि घरची औषधे : मोहोपाड्यातून एक आढावा

पाऊस ओसरला की खालापूर-कर्जत पट्ट्यातल्या बाजारांत गुलाबाची कलमे दिसू लागतात. काळ्या पिशवीत लावलेली, बरीचशी घाटावरच्या रोपवाटिकांतून उतरलेली, प्रत्येकीवर एखादे टपोरे फूल. मोहोपाड्यात आणि आसपासच्या कामगार वसाहतींत ती अंगणात, गॅलरीत, जिन्याच्या कठड्यावर लागतात. दिवाळीपर्यंत सारे ठीक चालते. पौष-माघात तक्रारी सुरू होतात. कळी उमलतच नाही, कोवळी पाने वळून गेली, शेंड्यावर हिरवे किडे चिकटले, खोडावर पांढुरके खवले आले. आणि प्रत्येक तक्रारीला मोबाइलवर आठ-दहा उपाय तयार असतात. तंबाखूचे पाणी, लसणाचा रस, चुलीतली राख, आंबट ताक, खाण्याचा सोडा, चहाचा चोथा, अंड्याची टरफले, हिंग, हळद, भांडी घासायचे लिक्विड.

विष नको, घरातलेच काही सांगा, ही मागणी रास्त आहे. गुलाब आपण देवाला वाहतो, केसांत माळतो, गावठी गुलाबाच्या पाकळ्यांचा गुलकंद करतो. त्यावर बाटलीतले विष मारायला हात धजत नाही आणि धजूही नये. पण या लांबलचक यादीतले खरोखर काय चालते, कोणत्या किडीवर चालते आणि आपल्या दमट, धो-धो पावसाच्या हवेत किती टिकते, हे कुणी नीट सांगत नाही.

हा प्रश्न मोहोपाड्यातून मांडायला कारण आहे. १९१५ साली खोपोलीत टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले, लोणावळ्याकडच्या धरणांचे पाणी वीज करून पाताळगंगेत उतरू लागले आणि नदी बारमाही झाली. त्या पाण्याच्या आधाराने पुढे इथे कारखाने आले. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्सचा कारखाना आला. मलेरियाविरोधी मोहिमेला डीडीटी पुरवण्यासाठी १९५४ साली सरकारने काढलेल्या हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्सचाही एक कारखाना इथेच रसायनीत आला आणि डीडीटी, मॅलॅथिऑन अशी औषधे इथे तयार होऊ लागली. १९८९ मध्ये शेतीसाठी डीडीटी वापरायला बंदी झाली, रोगवाहक कीटकांपुरती मुभा उरली. हिंदुस्तान ऑर्गॅनिकचे इथले बहुतेक प्लांट २०१७ च्या सरकारी निर्णयाने बंद झाले. तरी या पंचक्रोशीत अशी पुष्कळ घरे आहेत, जिथे कुणीतरी उभी हयात तीव्रता, मात्रा आणि मोजमाप यांच्या कामात घालवली आहे. घरगुती औषधांकडेही त्याच काटेकोर नजरेने बघितले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. पाल्याचा रस आहे म्हणून अंदाजाने ओता, चालून जाईल, ही समजूत झाडालाही महाग पडते आणि कधीकधी माणसालाही.

सुरुवात ओळखीपासून करावी लागते, कारण गुलाबाच्या सगळ्या किडींना लागू पडेल असे एकही औषध नाही, ना घरातले ना दुकानातले.

थंडीत कोवळ्या शेंड्यावर आणि कळीच्या देठावर दाटीने बसलेले हिरवे किंवा तांबूस मऊ किडे म्हणजे मावा. हा रस शोषतो. याची मादी नराशिवायच थेट पिल्ले घालते आणि ती पिल्ले आठवड्या-दीड आठवड्यात स्वतः पिल्ले घालू लागतात, म्हणून रविवारी चार दिसलेले किडे पुढच्या रविवारी शेंडा झाकून टाकतात. माव्याच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, त्यावर काळी बुरशी वाढते आणि मुंग्या येतात. झाडावर मुंग्यांची रांग चढताना दिसली की वर मावा, पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड आहे का, हे आधी बघावे. मावा दिसायला घाबरवणारा, पण घालवायला सगळ्यांत सोपा.

खरा त्रास फुलकिड्यांचा. सुतासारखा बारीक, जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा, पिवळसर किडा. पान खरवडतो आणि निघालेला रस पितो. पानाच्या कडा तपकिरी होतात, पान वरच्या बाजूला वळते, कळीच्या पाकळ्यांच्या कडा भाजल्यासारख्या दिसतात आणि कळी उमलायच्या आधीच वाळते. आपल्याकडे गुलाबावर बहुधा आढळतो तो मिरचीवरचाच फुलकिडा. मिरचीचा चुरडामुरडा याच्याच कृपेने होतो आणि कोकणातले आंबा बागायतदारही मोहोरावर आणि कोवळ्या फळावर याला चांगले ओळखून आहेत. त्यामुळे कुंडीतल्या गुलाबाशेजारी मिरचीचे रोप आणि डोक्यावर आंब्याची फांदी असेल, तर तिन्हीकडे एकदमच बघावे लागते. याला आवरणे अवघड का, तर अंडी पानाच्या पेशींच्या आत घातलेली असतात, पिल्ले मिटलेल्या कळीच्या पाकळ्यांत दडतात आणि कोष बऱ्याचदा मातीत किंवा खाली पडलेल्या पाल्यात जातो. आपण वरून कितीही फवारले तरी एका फवारणीत सगळे सापडत नाहीत. ओळख पटवायची सोपी युक्ती अशी की संशयास्पद कळी पांढऱ्या कागदावर झटकावी. कागदावर धावणारे पिवळे-तपकिरी कण दिसले तर ते फुलकिडे.

शिमगा झाला, हवा तापली की लाल कोळी येतो. हा कीटक नव्हे. आठ पायांचा, कोळ्याच्या जातकुळीतला जीव, त्यामुळे कीटकांसाठी बनवलेली पुष्कळशी औषधे त्याला बाधत नाहीत. पानाच्या वरच्या बाजूला पिवळे-पांढरे बारीक ठिपके, खाली धुळीसारखी जाळी, आणि मग पान गळते. तिशीच्या वर तापमान गेले की याची एक पिढी आठवडाभरात पुरी होते. घरात झुरळांसाठी आणलेला फवारा गुलाबावर मारला की कोळी आणखी वाढतो, असा अनुभव अनेकांना येतो. त्याचे कारण सरळ आहे. त्या फवाऱ्यातली पायरेथ्रॉइड गटातली औषधे कोळ्याला खाणाऱ्या मित्रकिडींना मारतात आणि कोळ्याला मोकळे रान मिळते.

खोडावरची खवले कीड हळू वाढते, पण जुन्या, सावलीतल्या, दाटीच्या झाडाला तीच संपवते. पहिला वळीव पडला की रात्री भुंगेरे उतरतात आणि पानांची चाळण करतात. त्यांच्या मातीतल्या अळीला आपण हुमणी म्हणतो, ती मुळे खाते. कळी पोखरणारी अळी मधूनच दिसते, ती हरभऱ्यावरची घाटेअळीच असते. आणि पानाच्या कडेला कंपासने कापावे तसे नेमके अर्धगोल कापलेले दिसले, तर काहीही करू नये. ते पान कापणाऱ्या एकट्या मधमाशीचे काम आहे. ती ते तुकडे घरट्यात लावते, झाडाला त्याने काही होत नाही आणि परागीभवन करणारा जीव वाचतो.

आता एक गोष्ट, जी पुण्या-नाशिककडच्या पुस्तकांत पुरेशी ठळक नसते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जून ते सप्टेंबर फवारलेले काहीही तासाभरात धुऊन जाते. पण त्या काळात मावा आणि कोळीही पावसानेच धुतले जातात. पावसाळ्यात गुलाबाची पाने काळे ठिपके पडून पिवळी होतात आणि गळतात. ती बुरशी आहे, कीड नव्हे. तिच्यावर लसूण-मिरची फवारणाऱ्यांचा वेळ आणि लसूण दोन्ही वाया जातात. तिथे उपाय म्हणजे गळलेली पाने उचलून टाकणे, कुंड्यांत अंतर ठेवणे, झाड जरा पागोळीच्या आत सरकवणे. थोडक्यात, इथे किडींविरुद्धचे औषधाचे काम मुख्यतः ऑक्टोबर ते मे एवढेच आहे.

उपायांत पहिला क्रमांक मी साध्या पाण्याला देतो. यावर लोकांचा विश्वास बसत नाही, कारण पाण्याला औषध म्हणायची सवय नाही. नळीला बोट लावून किंवा बाटलीच्या फवाऱ्याने सकाळी पानांच्या खालच्या बाजूने जोराचा फवारा मारला की मावा खाली पडतो आणि पडलेला मावा सहसा परत चढत नाही, कारण त्याची सोंड पानातून निसटताना मोडते. लाल कोळ्याला दमट पान मानवत नाही. एप्रिल-मेमध्ये दिवसाआड पानांची खालची बाजू धुतली तर घरच्या पाच-दहा झाडांना कोळ्यासाठी दुसरे काही लागत नाही. फवारा सकाळी मारावा, म्हणजे ऊन लागून पान लवकर सुकते आणि बुरशीला वाव मिळत नाही.

दुसरा साबण. साबणाचे द्रावण मऊ अंगाच्या किड्याच्या मेणकट कवचाचा भेद करते, श्वासछिद्रे बंद करते आणि कीड सुकून मरते. पण हे फक्त ओले असेपर्यंत आणि अंगावर थेट पडले तरच. वाळलेल्या साबणाचा पुढे काहीच परिणाम उरत नाही. ही त्याची मर्यादा आणि हाच त्याचा मोठा गुण, कारण नंतर येणारी मधमाशी किंवा ढालकिडा सुरक्षित राहतो. लिटरभर पाण्याला पाच ते दहा ग्रॅम साधा, सुवासाविना साबण किसून विरघळवावा. भांड्यांची लिक्विडे आणि कपड्यांच्या पावडरी टाळाव्यात. त्या साबण नसतात, डिटर्जंट असतात आणि पानावरचा मेणाचा थर उतरवून पान भाजतात. बोअरचे पाणी जड असेल, साबणाला फेस न येता साका धरत असेल, तर ते द्रावण निकामी समजावे आणि नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी घ्यावे. रिठ्याचे पाणी हा आपला जुना पर्याय आहे. रात्री भिजवलेल्या चार-पाच रिठ्यांचे कोळून गाळलेले पाणी लिटरभर केले की तेल मिसळायलाही उपयोगी पडते.

आणि कडुलिंब. याच्याविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण याच्याइतका अभ्यास दुसऱ्या कोणत्याच घरगुती औषधाचा झालेला नाही. १९५९ मध्ये सुदानमध्ये टोळधाडीने सगळी झाडे फस्त केली, कडुलिंब तेवढा सोडला, हे जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिक श्मुटरर यांनी पाहिले. १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. प्रधान आणि सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचे पाणी फवारलेल्या पिकाला टोळ तोंड लावत नाहीत, हे दाखवून दिले. निंबोळीतले मुख्य द्रव्य अॅझाडिरॅक्टिन. ते किड्याला तत्काळ मारत नाही. त्याची खाण्याची इच्छा मारते, कात टाकण्याची प्रक्रिया बिघडवते आणि अंडी घालणे कमी करते. म्हणूनच फवारल्यावर दुसऱ्या दिवशी किडे फिरताना दिसले की लोक औषध फुकट गेले म्हणतात आणि जालीम औषधाकडे वळतात. निंबोळीचा परिणाम आठवड्याने, पुढच्या पिढीत दिसतो.

याच झाडाच्या तेलापासून बुरशीनाशक करण्याच्या पद्धतीवर युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी आणि अमेरिकेचे कृषी खाते यांना पेटंट दिले होते. वंदना शिवा, युरोपीय संसदेच्या मॅग्डा एलवूट आणि सेंद्रिय शेतीची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी त्याला आव्हान दिले. हे ज्ञान नवे नाही हे सिद्ध करताना महत्त्वाची ठरलेली एक साक्ष महाराष्ट्रातून गेली. अभय फडके यांनी १९८५-८६ च्या सुमारास पुणे आणि सांगली भागात घेतलेल्या चाचण्यांचा दाखला तिथे मांडला गेला. २००० साली पेटंट रद्द झाले आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळले गेले. परंपरेचा नुसता हवाला तिथे पुरला नसता. मोजून, नोंदवून केलेली चाचणी कामी आली, हे मला या प्रकरणातले सर्वांत मोलाचे वाटते.

घरी करायचा निंबोळी अर्क पाच टक्क्यांचा. वाळलेल्या निंबोळ्यांची पन्नास ग्रॅम पूड थोड्या पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्यातून पुन्हा पुन्हा पिळून दुधाळ पाणी काढावे, त्यात दोन ग्रॅम साबणाचे द्रावण घालून एक लिटर करावे आणि त्याच दिवशी संपवावे. तेल वापरायचे तर लिटरला पाच मिलिलिटर, पण आधी साबणाच्या कोमट पाण्यात तेल घोटून दुधासारखे केल्यावरच बाकीचे पाणी. तेल तसेच पाण्यावर तरंगत राहिले तर काही पानांवर तेलच तेल पडते आणि ती जळतात. थंडीत तेल गोठले तर बाटली कोमट पाण्यात ठेवावी. अॅझाडिरॅक्टिन उन्हात लवकर मोडते, म्हणून फवारणी सूर्य कलल्यावर करावी, मधमाश्याही तोवर परतलेल्या असतात. मावा आणि कोवळ्या अळीसाठी दहा दिवसांनी एकदा पुरते. फुलकिड्यासाठी पाच-सहा दिवसांच्या अंतराने निदान तीन वेळा लागते. नुसती कडुलिंबाची पाने उकळून केलेले पाणी मात्र फार दुबळे, कारण सत्त्व बियांत आहे.

अडचण अशी की कडुलिंब हे देशावरचे झाड. आपल्या अतिपावसात ते लावले तर जगते, पण निंबोळीने लगडत नाही. ती नगर-सोलापूरकडून मागवावी किंवा त्या बाजूचे नातेवाईक आषाढात आले की त्यांना सांगावे. निंबोळ्या पिकतात ज्येष्ठ-आषाढातच. इथल्या ओढ्याकाठी भरपूर आहे तो करंज. करंजाच्या तेलातही कीड परतवणारा गुण आहे. निंबोळीइतका प्रखर नाही, पण त्याच प्रमाणात, साबणात घोटून वापरण्याजोगा. करंजाची पेंड मातीत मिसळली तर वाळवीला आवर बसतो आणि खतही होते.

लसूण-मिरचीच्या अर्काबद्दल माझे मत मध्यम आहे. कीड काही काळ दूर राहते, मऊ किडे थोडे मरतातही, पण प्रत्येकाच्या घरच्या अर्काची तीव्रता वेगळी, त्यामुळे एकाचे गुण आल्याचे सांगणे दुसऱ्याला लागू पडत नाही. मिरचीचा फवारा वाऱ्याच्या दिशेला तोंड करून मारला तर डोळ्यांची जी आग होते ती वेगळीच. गॅलरीत, शेजारच्या खिडक्यांजवळ हा प्रयोग करूच नये.

दशपर्णी अर्क, नीमास्त्र, अग्निअस्त्र ही नावे महाराष्ट्रात सर्वदूर गेली ती नैसर्गिक शेतीच्या चळवळीमुळे. तिचे प्रणेते सुभाष पाळेकर विदर्भातले, २०१६ चे पद्मश्री. दशपर्णीत कडुलिंब, करंज, निरगुडी, सीताफळ, एरंड, रुई, पपई, धोतरा, कण्हेर, घाणेरी असा पाला गोमूत्र-शेणात महिनाभर आंबवतात. दोनशे लिटरचे पिंप, उघडी जागा आणि रोज ढवळायला माणूस असेल, अशा शेतकऱ्यासाठी ती कृती आहे. कर्जतकडच्या भाजीपाल्याच्या मळ्यात तिला जागा आहे. बारा कुंड्यांसाठी तिसऱ्या मजल्यावर ती करू नये. वासाचा प्रश्न दुय्यम आहे. कण्हेर आणि धोतरा ही दोन्ही झाडे माणसाला विषारी आहेत. सेंद्रिय म्हणजे निरुपद्रवी असे समीकरण नाही.

याच कारणाने तंबाखूच्या पाण्याला मी साफ नकार देतो. ते चालते, मावा मारतेही. पण त्यातले निकोटीन हे तीव्र मज्जाविष आहे, कातडीतूनही अंगात भिनते आणि लहान मुलाने वा घरच्या मांजराने चाटले तर जीवावर बेतते. निकोटीन सल्फेट कीटकनाशक म्हणून देशात वापरायला बंदी आहे, ते केवळ निर्यातीसाठी बनवता येते. कायद्याने जे शेतात नको ठरवले, ते स्वयंपाकघरातल्या पातेल्यात उकळायचे कशाला? अग्निअस्त्रातही तंबाखू असतो, हे ते करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधेने वीसच्या आसपास माणसे दगावली. ती औषधे वेगळी होती, पण उघडे हात, उघडे तोंड आणि वाऱ्याकडे दुर्लक्ष ही सवय घरातल्या बागेतही तशीच दिसते. कोणताही अर्क असो, हातमोजे आणि रुमाल हवाच.

उरलेल्यांचा निकाल थोडक्यात लावता येतो. राख कोरड्या हवेत मुंग्यांना आणि माव्याला थोडी अडवते, दव पडले की संपते, आणि फार टाकली तर माती अल्कधर्मी होऊन गुलाब पिवळा पडतो. रॉकेलने पान जळते. चहाचा चोथा आणि अंड्याची टरफले कुजल्यावर खत म्हणून ठीक, किडीशी त्यांचा संबंध नाही. सोडा आणि दूध ही कीडनाशके नव्हेत, पण भुरीवर त्यांचा उपयोग आहे. १९९२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी सोडा व तेल यांचा गुलाबावरच्या भुरी आणि काळ्या ठिपक्यांवर अभ्यास केला, तर १९९९ मध्ये ब्राझीलच्या बेत्तिओल यांनी पातळ केलेल्या दुधाने भोपळावर्गीय पिकावरची भुरी आटोक्यात येते हे दाखवले. माघातल्या थंड रात्रींत पानांवर पांढरी भुकटी दिसली तर एक भाग दूध, नऊ भाग पाणी, सकाळच्या उन्हात फवारून बघायला हरकत नाही. सोडा मात्र वारंवार नको, त्यातले सोडियम कुंडीत साचत जाते. गंधकाची पाण्यात मिसळणारी भुकटी सेंद्रिय शेतीत मान्य आहे, भुरी आणि कोळी दोन्हींवर चालते, पण बत्तिशीच्या वर पारा असताना पान भाजते. आपल्याकडे कोळी येतो नेमका तेव्हाच, म्हणून तिथे पुन्हा पाण्यावरच यावे लागते.

काही किडींना औषधापेक्षा हात बरा. खवले कीड जुन्या दात घासायच्या ब्रशने साबणाचे पाणी लावून घासून काढावी, फार भरलेली फांदी कापून जाळावी. भुंगेरे पहिल्या वळवानंतरच्या आठ-दहा संध्याकाळी बॅटरी घेऊन वेचावेत आणि साबणाच्या पाण्यात टाकावेत. एका घराने केले तर फरक कमी पडतो, पूर्ण चाळीने केले तर हुमणीची पुढची पिढीच तुटते. कच्चे शेण कुंडीत घालणे टाळावे, त्यातून अळ्या येतात. फुलकिडे शिरलेल्या कळ्या मोह न धरता खुडाव्यात आणि पिशवीत बंद करून फेकाव्यात, झाडाखाली तर मुळीच टाकू नयेत. पिवळे आणि निळे चिकट सापळे विकत मिळतात, पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल लावून घरीही होतात. पण सापळ्याने कीड संपत नाही, आली हे कळते. झाड लहान असेल तर एकच पुरे, कारण त्याला मित्रकीडही चिकटते.

त्या मित्रकिडींची फौज बहुतेक लोक अजाणता मारतात. लाल पाठीवर काळ्या खुणांचा ढालकिडा सगळे ओळखतात. त्याची काळपट, काटेरी, लांबुळकी अळी मात्र कुणी ओळखत नाही आणि ती नवीन कीड समजून चिरडली जाते. ती अळी ढालकिड्याइतकाच मावा खाते. जाळीदार पंखांच्या क्रायसोपाची अळी, माव्यात फिरणारी सिरफिड माशीची बिनपायाची अळी, बारीक कोळी हे सगळे आपल्या बाजूचे. त्यांना बाग आवडावी म्हणून बडीशेप, कोथिंबीर, झेंडू फुलावर येऊ द्यावे. मुंग्यांची वाट मात्र बंद करावी, कारण माव्याच्या चिकट्यासाठी त्या ढालकिड्याला हाकलून लावतात. कुंडीखाली पाण्याची ताटली किंवा खोडाला चिकट पट्टी पुरते, फक्त ताटलीतले पाणी दर आठवड्याला ओतावे, नाहीतर डास होतील.

मित्रकिडीची ताकद केवढी असते, याचे उदाहरण जुने नाही. पपईवरचा परदेशी पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरकडे आढळला आणि थोड्याच काळात महाराष्ट्रातल्या पपईबागांपर्यंत पोहोचला. औषधांचा मारा करूनही तो हटेना. २०१० मध्ये बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेने प्वेर्तो रिकोहून त्याच्यावर जगणाऱ्या बारीक परोपजीवी गांधीलमाश्या आणून सोडल्या आणि तो आटोक्यात आला. गुलाबाच्या कुंडीत आपण एवढे करू शकत नाही, पण आहेत त्या मित्रकिडी मरू न देणे आपल्या हातात आहे.

कृषी सेवा केंद्रात मिळणाऱ्या जैविक बुरश्यांना घरगुती म्हणता येणार नाही, तरी सेंद्रिय आहेत आणि आपल्या हवेला त्या चांगल्या मानवतात. किड्याला बुरशीने रोग होतो हे इटलीच्या अगोस्तिनो बासी यांनी १८३५ मध्ये रेशीमकिड्यांवर सिद्ध केले. त्याच बुरशीला त्यांच्यावरून बिव्हेरिया बॅसियाना म्हणतात. व्हर्टिसिलियम मावा-पिठ्यावर आणि मेटारायझियम मातीत हुमणीवर वापरतात. यांना दमट हवा लागते. घाटावरच्या कोरड्या हवेत त्या कमी पडतात. इथे भाद्रपद-आश्विनात, पाऊस उघडीप देऊ लागला की संध्याकाळी वापराव्यात. त्याच आठवड्यात गंधक किंवा तांब्याचे औषध मारू नये, नाहीतर बुरशीच मरते. पाकिटावरची तारीख जरूर बघावी, कारण हे जिवंत औषध आहे.

एवढे करूनही जे झाड दरवर्षी किडीने बेजार होते, त्याचे मूळ बहुधा खतात आणि जागेत असते. नत्र जास्त झाले की शेंडे लुसलुशीत होतात आणि मावा त्यांच्यावरच येतो. युरिया असो की भरमसाट पेंड, परिणाम एकच. पाच-सहा तास ऊन नसलेल्या जागी खवले हटत नाहीत. छाटणी पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यानंतर करावी. लवकर केली तर नवी फूट परतीच्या पावसात सापडते. आणि नवे कलम आणल्याबरोबर जुन्या कुंड्यांत ठेवू नये. पंधरा दिवस वेगळे ठेवून रोज पानांची खालची बाजू बघावी, कारण फुलकिडे आणि कोळी बऱ्याचदा रोपवाटिकेतूनच घरी येतात.

शंका राहिलीच तर किल्ला-रोह्याचे कृषी विज्ञान केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे. किडलेली फांदी बंद पिशवीत घालून तिथे दाखवता येते. रसायनी-मोहोपाड्यातल्या, प्रयोगशाळेत आणि प्लांटमध्ये वर्षे काढलेल्या मंडळींना माझी एक विनंती आहे. यंदाच्या छाटणीनंतर एकाच जातीची तीन झाडे निवडा. एकावर निंबोळी अर्क, दुसऱ्यावर नुसते पाणी, तिसऱ्यावर काहीच नाही. दर रविवारी प्रत्येक झाडाचे पाच शेंडे मोजा, तारीख घालून वहीत लिहा आणि होळीला ती वही शेजाऱ्यांना दाखवा.